उकिरड्यातला मिथेन

(दृश्य: यावल-रावेरकडची केळीची बाग, बांधाला उकिरडा)

हा ढीग वरून सुकलेला दिसतो, पण आत ओला आणि गच्च, तिथं हवा पोचत नाही, मग बिनहवेचे जिवाणू शेण कुजवतात आणि मिथेन निघत राहतो. दिसत नाही, वासही नाही त्याला, नाकात जातो तो वास दुसऱ्याच गॅसांचा.

वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटीच्या आसपास जास्त उष्णता धरतो. पण तो हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो बरं का! म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर गेलेला ज्यांनी सोसलाय त्यांना हे जास्त सांगायला नको.

(दृश्य: उपग्रहाचा नकाशा)

मिथेन इन्फ्रारेड प्रकाशातला ठराविक भाग शोषतो, त्यावरून २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह रोज जगभरचा मिथेन मोजतो. तेलविहिरी, कोळसा खाणी, मोठे कचरा डेपो यांची मोठी गळती अशी सापडते. चार म्हशींचा गोठा मात्र वरून कुणालाच दिसणार नाही, तो आपणच बघायचा.

२०२१ ला ग्लासगोत बऱ्याच देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायचं ठरवलं, भारत त्यात नाही, कारण आपल्याकडचा बराचसा मिथेन जनावरांचा आणि भातशेतीचा, म्हणजे लहान शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न. मला ही काळजी पटते. जनावराच्या ढेकरातून निघणारा मिथेन कमी करायला बंगळुरूच्या सरकारी संस्थेनं ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य काढलंय. पण उकिरड्याचं तसं नाही, तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातलं तर शेतकऱ्याचं काहीच जात नाही, उलट त्या मिथेनवर चूल पेटते.

(दृश्य: बंद पडलेला गोबरगॅस)

असे किती गोबरगॅस गावोगाव पडून आहेत, टाकी गंजली, पाइप फुटला, कुणी बघितलंच नाही. मिथेन जाळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नुकसान कितीतरी कमी. पण गळका प्लांट मिथेन तसाच हवेत सोडतो, म्हणून चालू असेल तर साबणाचा फेस पाइपच्या जोडांना आणि कॉकला लावून बघा, बुडबुडे आले की तिथं गळती. जास्तीचा गॅस मोकळा सोडू नका, शेगडीवर जाळा, आणि स्लरी, म्हणजे प्लांटमधून बाहेर पडणारं पातळ शेण, उघड्या खड्ड्यात साठवून ठेवण्यापेक्षा लवकर केळीला द्या.