प्रौढांची ऑनलाइन शिक्षणाची तयारी कशी जोखावी

नमस्कार श्रोतेहो. नोकरी आणि घर सांभाळून पुन्हा शिकायला आलेल्या माणसाला ऑनलाइन अभ्यासक्रमाला घ्यायचं आहे, किंवा काही वर्ग समोरासमोर आणि काही घरून अशा मिश्र अभ्यासक्रमाला. त्याची तयारी आधी तपासायची कशी? बहुतेक ठिकाणी एक प्रश्नावली पुढे करतात. ‘संगणक वापरता येतो का? वेळेचं नियोजन करता का?’ ज्याला प्रवेश हवाय तो ‘हो’च म्हणणार. त्यातून ती प्रश्नावली ऑनलाइन असली, तर ज्याला खरी अडचण आहे त्याची प्रश्नावली मुलगा किंवा मुलगी भरून देते. म्हणून सांगते, तयारी विचारू नका, काम करून घ्या.

यासंबंधी एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहरात आयझॅक पिटमन नावाचे शिक्षक होते. होय, लघुलिपीवाले, म्हणजे बोलणं भराभर टिपून घ्यायच्या शॉर्टहँडवाले पिटमन. १८३७ साली त्यांनी आपली लिपी छापून प्रसिद्ध केली. पण शिकू पाहणारे गावोगाव विखुरलेले, आणि टपाल महाग! पत्र किती लांब जाणार, त्यात कागद किती, यावर दर ठरायचा आणि बऱ्याचदा पैसे पत्र घेणाऱ्यालाच मोजावे लागायचे. १८४० च्या जानेवारीत हे बदललं. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही पाठवा, दर एक पेनी. त्याच वर्षी पिटमननी आपली सगळी लिपी एका पानावर बसवली. ‘पेनी प्लेट’ म्हणतात ती हीच. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून टपालाने परत धाडायचा. तो तपासून, चुका दुरुस्त करून, पुन्हा शिकणाऱ्याकडे रवाना व्हायचा.

आता त्या परत आलेल्या कागदाकडे नीट बघा. सूचना वाचून कळली का? कळली, म्हणून तर कागद आला. दिवसाच्या धबडग्यात वेळ काढला का? काढला. टपालाची खटपट जमली का? जमली. आणि दुरुस्त्या पाहून त्याने दुसरा कागद पाठवला, तर चूक दाखवलेली त्याला सोसते, हेही कळलं. ‘तुम्हाला चिकाटी आहे का’ असं वेगळं विचारायची गरजच उरत नाही. लक्षात ठेवा, परत आलेला कागद.

आजच्या काळात हेच चाळीस मिनिटांत होतं. विद्यार्थ्याला पाच कामं द्या. पासवर्ड विसरल्याचं समजून नवा तयार करणं. दोन पानी मजकूर पडद्यावर वाचून तीन वाक्यांत सार लिहिणं. ते सार नाव देऊन साठवणं आणि योग्य जागी जमा करणं. व्हिडिओ वर्गात येऊन माइक चालू-बंद करणं. आणि शिक्षकांच्या शेऱ्यानुसार लिखाण सुधारून परत पाठवणं. एकट्याने केलं तर २ गुण, एकदा सुचवावं लागलं तर १, दुसऱ्याने करून दिलं तर शून्य. या गुणांची बेरीज मात्र करू नका! फाइल जमा करण्यातलं शून्य व्हिडिओच्या दोन गुणांनी भरून निघत नाही. जिथे शून्य, तेवढंच प्रवेशानंतर पहिल्या आठवड्यात शिकवा. शून्य मिळालं म्हणून कुणाला परत पाठवणं मला साफ नामंजूर आहे.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर सांगते. घरातल्या वहीत पासवर्ड लिहून ठेवण्यात काहीही वावगं नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरण्यापेक्षा लांबलचक पासवर्ड आणि जपून ठेवलेली वही केव्हाही बरी. प्रौढांना त्यावरून रागावणं थांबवा.

असो. चाचणी फसते ती बहुधा केंद्रातल्या संगणकावर घेतल्यामुळे. मोठा पडदा, वेगवान इंटरनेट, शेजारी मदतीला माणूस. घरी मात्र तिघांत मिळून एक फोन. म्हणून चाचणी विद्यार्थ्याच्याच उपकरणावर, त्याच्याच इंटरनेटवर घ्या. व्हिडिओ वर्गाला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो, तो परवडतो का ते तेव्हाच कळतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, तेव्हा वाचायचा चष्मा आणलाय का तेही बघा. नाहीतर न दिसणं हे न समजणं म्हणून नोंदलं जातं.

वेळेचंही तसंच. ‘आठवड्याला किती तास द्याल’ असं विचारू नका, गेला आठवडा तासातासाने लिहून मागा. सलग अर्धा तास कुठे मोकळा होता ते शोधा. सगळा मोकळा वेळ रात्री अकरानंतरचा निघाला, तर कमी विषय घ्यायला सांगा. मिश्र अभ्यासक्रम असेल तर समोरासमोरच्या वर्गांच्या तारखा प्रवेशाआधीच हातात द्या, म्हणजे रजा मागता येते.

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर दहाव्या दिवसापर्यंत ज्याचं पहिलं काम आलं नाही, त्याला फोन करा. ईमेल नको, कदाचित तो ईमेलपाशीच अडलेला असेल. आणि ‘काय अडचण आहे?’ असं न विचारता म्हणा, ‘पडद्यावर आत्ता काय दिसतंय, ते मला वाचून दाखवा.’ नेमकं कुठे अडलंय ते तिथेच सापडतं.