तिसऱ्या रकान्यातून बाहेर पडलेले शब्द

श्रोतेहो, नमस्कार. गो, वेंट, गॉन. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. इंग्रजी क्रियापदांचा हा तीन रकान्यांचा तक्ता आपण सगळ्यांनीच शाळेत घोकला आहे. आज बोलायचं आहे ते त्यातल्या तिसऱ्या रकान्यातून कधीकाळी बाहेर पडलेल्या रूपांविषयी. तक्त्यातून ती गेली, भाषेतून मात्र गेली नाहीत.

'रॉट आयर्न' घ्या. रॉट आयर्नचा झोपाळा, रॉट आयर्नचं फाटक हे आपल्याकडे दुकानादुकानांत ऐकू येतं. या 'रॉट'चा कुजण्याशी काही संबंध नाही. 'वर्क' या अगदी रोजच्या क्रियापदाचं हे जुनं भूतकाळी रूप. उच्चारात 'र' आणि स्वर यांची अदलाबदल झाली, म्हणून ते चटकन ओळखू येत नाही. रॉट आयर्न म्हणजे तापवून, घणाचे घाव घालून घडवलेलं लोखंड. साच्यात ओतलेलं बीड नव्हे. 24 मे 1844 रोजी सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश धाडला, 'व्हॉट हॅथ गॉड रॉट'. देवाने केवढं हे घडवलं! वाक्य बायबलातलं, आणि शब्द तोच.

1611 सालचं बायबलचं इंग्रजी भाषांतर तर अशा रूपांचं कोठारच आहे. 'हेल्प'चं जुनं रूप 'होल्पन' तिथे भेटतं. इंग्लंडमध्ये जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे सायंप्रार्थना होते, तिथे हे 'होल्पन' आजही गायलं जातं. आपणही बोलताना 'दिले', 'झाले' म्हणतो. पण अभंगात 'दिधले', 'जाहले' आलं तर ते बदलून गात नाही. तसंच हे.

त्याच भाषांतरात 'सॉडन' हा शब्द आहे. वल्हांडणाच्या सणाचं मांस कच्चं खाऊ नका, पाण्यात 'सॉडन' केलेलंही खाऊ नका, विस्तवावर भाजून खा, अशी आज्ञा आहे. इथे सॉडन म्हणजे उकडलेलं. 'सीद' म्हणजे उकळणे, त्याचं हे रूप. आज 'सॉडन' म्हटलं की डोळ्यांपुढे येतात चिंब भिजलेले कपडे, पावसाने रबरबलेली जमीन. उकळण्यातली आच निघून गेली, पाणी तेवढं राहिलं! मला हा प्रवास फार विलक्षण वाटतो.

बहुतेक जुनी रूपं अशीच विशेषणं होऊन नामाच्या आधी जाऊन बसली आहेत. जहाज बुडालं हे सांगताना 'हॅज संक', पण बुडालेलं जहाज 'संकन शिप'. वितळलेलं लोणी 'मेल्टेड', लाव्हा मात्र 'मोल्टन'. माणूस 'इज ड्रंक', पण दारुडा खलाशी 'ड्रंकन सेलर'. 'बाउंडन' या रूपाला तर एकट्या 'ड्यूटी'चाच आधार उरला आहे. मुलांना हे शिकवताना नुसता तक्ता देऊ नये, शेजारचं नामही द्यावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

काही रूपं टिकतात, काही का जातात? 2007 साली 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली. त्यांपैकी 98 आजही अनियमित आहेत. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने 'एड' प्रत्ययाच्या वाटेला लागतं, असं त्यांना आढळलं. गो, सी, टेक ही तोंडात सतत असतात म्हणून शाबूत राहिली. अर्थात 'हेल्प' आणि 'वर्क' ही काही विरळ क्रियापदं नव्हेत, तरी तीही बदललीच. वापर हे एक मोठं कारण झालं, सगळं नव्हे.

आणि 'गॉटन'? अमेरिकेतल्या नातवाने 'आय हॅव गॉटन' म्हटलं की इकडचे आजोबा लगेच चूक काढतात. वास्तविक हे रूप इंग्लंडचंच. तिथून गेलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर ते अमेरिकेत पोहोचलं आणि राहिलं. मायदेशी त्याची जागा 'गॉट'ने घेतली. अमेरिकेत आज दोन्ही चालतात आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत: जवळ आहे ते 'हॅव गॉट', नव्याने मिळालं ते 'हॅव गॉटन'. इंग्लंडमध्येही लबाडीने कमावलेल्या पैशाला 'इल-गॉटन' म्हणतात, आणि तिथे 'इल-गॉट' सहसा कोणी म्हणत नाही.

नमस्कार.