हलणारा त्रिकोण

श्रोतेहो, नमस्कार.

बालभारतीच्या दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात जिओजेब्रा या संगणक प्रणालीच्या साहाय्याने आकृती काढून पडताळा घेण्याच्या सूचना आहेत. वर्गात मात्र या सूचना बहुधा वाचूनच सोडून दिल्या जातात, आणि तंत्रज्ञान म्हणून विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात ते सोडवलेल्या उदाहरणांचे व्हिडिओ. उजळणीसाठी ते बरे आहेत. परंतु न समजलेली संकल्पना समजावी यासाठी त्यांचा फारसा उपयोग होतो असे मला वाटत नाही, कारण तिथे विचार दुसऱ्याने केलेला असतो. फळ्याला जे मुळातच शक्य नाही, ते काम तंत्रज्ञानाकडून करून घ्यायला हवे. ते काम म्हणजे आकृती हलवणे.

साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी जिओजेब्राची निर्मिती सुरू केली. शाळेला ती विनामूल्य मिळते, साध्या मोबाईलवर चालते आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसले तरी अडत नाही. तिच्यात काय घडते, ते आपण आत्ता मनातल्या मनात करून पाहू.

एक त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. आपल्यापैकी बहुतेकांच्या त्रिकोणाचा पाया आडवा असेल, शिरोबिंदू साधारण मध्यावर असेल आणि तिन्ही कोन लघुकोन असतील, कारण वर्षानुवर्षे आपल्याला असेच त्रिकोण दाखवले गेले आहेत. आता शिरोबिंदूतून पायावर शिरोलंब टाका आणि तो शिरोबिंदू बोटाने हळूहळू उजवीकडे ओढा. लंबाचा पायथाही उजवीकडे सरकू लागतो, एका क्षणी तो पायाच्या टोकाला येऊन टेकतो, शिरोलंब आणि बाजू एकच होतात, म्हणजे त्रिकोण काटकोन त्रिकोण झालेला असतो. आणि आणखी ओढले की शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर का, हे आठवीतल्या अनेक मुलांना शब्दांनी पटत नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी एकाच जातीचे त्रिकोण पाहिले आहेत, त्यांना दुसरे वाटणार तरी कसे? तिन्ही शिरोलंब काढले, तर ते जिथे एकत्र येतात तो लंबसंपात बिंदू आधी आत असतो, मग काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि नंतर बाहेर निघून जातो. शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या तिन्ही मध्यगा जिथे छेदतात, तो मध्यगासंपात बिंदू मात्र त्रिकोण कितीही ताणला तरी आतच राहतो. परिकेंद्र, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचे केंद्र, तेही काढून ठेवले, तर त्रिकोण कसाही ओढला तरी हे तिन्ही बिंदू एका रेषेत राहतात. ती रेषा अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी शोधली. त्रिकोण समभुज झाला तरच ते तिघे एकमेकांत मिसळतात.

येथे शिक्षकांचे काम फार नाजूक आहे. बिंदू ओढण्यापूर्वी त्यांनी थांबले पाहिजे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला, पुढे काय होईल असे वाटते, ते वहीत लिहायला लावले पाहिजे. वर्गात एकच मोबाईल किंवा एकच प्रोजेक्टर असला तरी हे जमते. अंदाज न बांधता पाहिलेली हलती आकृती म्हणजे निव्वळ करमणूक होते.

आकृती ओढून पाहण्याने आणखी एक गोष्ट उघड होते. नजरेच्या अंदाजाने चार रेषाखंड जोडून काढलेला चौरस एका कोपऱ्याने ओढताच वेडावाकडा होतो. लंबरेषा आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस लहानमोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. चौरसासारखे दिसणे आणि चौरस असणे यांतला हा भेद मुलांनी स्वतः रचना करूनच शिकावा. बीजगणितातही, य = मक्ष + क या समीकरणातील म आणि क यांना सरकपट्टी, म्हणजे त्यांची किंमत बोटाने कमीजास्त करणारी पट्टी, लावली, तर एकाने रेषा कलते आणि दुसऱ्याने ती वर-खाली सरकते, हे लगेच दिसते.

परंतु पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, अशी समजूत होण्याचा धोका खरा आहे. त्रिकोणाचे तीन कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवले, की त्यांची बेरीज कधीकधी १८०.०१ अंश भरते, कारण प्रत्येक कोन स्वतंत्रपणे दोन दशांश स्थळांतल्या जवळच्या आकड्यावर आणलेला असतो. शिक्षकांनी हा प्रसंग टाळू नये, उलट मुद्दाम घडवून आणावा. मग बेरीज नेमकी १८० अंशच का, हे सिद्ध करण्यासाठी खडू घेऊन शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी आणि त्या रेषेमुळे समान होणारे व्युत्क्रम कोन कोणते ते विद्यार्थ्यांनाच विचारावे. शिरोबिंदू कुठेही ओढला तरी त्या युक्तिवादातले एकही वाक्य बदलावे लागत नाही, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे.