ट्यूडलीच्या बारा खिडक्या

इंग्लंडच्या केंट परगण्यात, टनब्रिज शहराजवळ, शेतांच्या मधोमध ट्यूडली वसलंय. थोडकी घरं आणि ऑल सेंट्स हे जुनं चर्च. विटांचा बुटका मनोरा. केंटमध्ये अशी चर्च ठायी ठायी दिसतात, त्यामुळे इथे गाडी थांबवावी असं बाहेरून वाटायचं नाही.

पण आत या.

समोर, पूर्वेची खिडकी. निळीशार. खाली समुद्र आणि पाण्यात तरंगणारी एक तरुणी. ही सारा. १९६३ साली रायच्या किनाऱ्याजवळ शिडाची होडी बुडाली आणि ती गेली. अवघी २१ वर्षांची पोर! वडील सर हेन्री दाव्हिग्दोर-गोल्डस्मिड ज्यू, आई लेडी रोझमेरी अँग्लिकन ख्रिश्चन. चित्रकार मार्क शागाल यांनी जेरुसलेमसाठी केलेल्या रंगीत काचा मायलेकींनी पॅरिसच्या प्रदर्शनात पाहिल्या होत्या. साराला त्या फार भावल्या होत्या. म्हणून तिच्या स्मृतीसाठी आई-वडिलांनी शागाल यांनाच गळ घातली.

जरा जवळून पाहा. रंगीत काचकामात एरवी प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून शिशाच्या पट्टीने जोडतात. फ्रान्समधल्या रीम्सचे काचकारागीर शार्ल मार्क यांनी काचेवर रंगाचा पातळ थर ठेवला आणि हवा तिथे तो आम्लाने उतरवला. त्यामुळे एकाच काचेत गडद निळा फिका होत जातो, मध्ये पट्टी आड येत नाही. त्यावर शागाल यांनी स्वतः कुंचला चालवला. लाटांतून शिडी वर निघते, ती थेट क्रूसावरच्या ख्रिस्तापर्यंत. आजच्या बेलारूसमधल्या व्हिटेब्स्कच्या ज्यू घरात जन्मलेल्या चित्रकाराने हा ख्रिस्त किती मायेने रंगवलाय!

१९६७ मध्ये ही खिडकी बसली. शागाल तेव्हा ८० वर्षांचे. चर्च पाहून ते म्हणाले, उरलेल्याही मीच करणार. आणि केल्या. शेवटच्या काचा १९८५ साली बसल्या. त्याच वर्षी, ९७व्या वर्षी, ते गेले. या चर्चच्या साऱ्या, बाराही खिडक्या शागाल यांच्या आहेत.

दक्षिणेकडच्या काचा पिवळ्याधमक, म्हणून शक्यतो उन्हाच्या दिवशी या. आणि बाजूच्या छोट्या खोलीत डोकावल्याशिवाय निघू नका. वेदीजवळच्या व्हिक्टोरियन काचा शागाल यांच्यासाठी काढाव्या लागल्या, पण गावाने त्या टाकल्या नाहीत. त्या इथे आहेत, मागून दिवे लावून, कुणालाही पाहता येतील अशा.