बांधावरची बाभूळ: गाडीच्या चाकापासून कोल्हापुरी चपलेपर्यंत

नमस्कार मंडळी! माझ्या हातात काय आहे बघा. जुन्या बैलगाडीच्या चाकाचा हा आरा, बाभळीचा. कॅमेऱ्याच्या जवळ आणतो. इथं टवका उडालाय, तिथं आतला गाभा कसा विटकरी तांबूस दिसतो! आता नखानं ओरखडा काढतो... बघा, उमटतच नाही.

सागाच्या दारावरून लोक कौतुकानं हात फिरवतात. बाभळीचं नाव काढलं की मात्र आधी काटाच आठवतो. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात तो मोडतो, हे खरंच आहे. पण आपल्या देशावरची शेती पिढ्यान् पिढ्या याच लाकडावर चालली.

चाकाचंच घ्या. मधोमध असतो तुंबा. त्याच्या खाचांमध्ये हे आरे ठोकून बसवायचे, आणि आऱ्यांची दुसरी टोकं कडेच्या गोलाईत. भरलेली गाडी दगडाधोंड्यांतून जाते तेव्हा सगळा हिसका याच सांध्यांवर येतो. तिथं लाकूड नुसतं कठीण असून भागत नाही, चिवटही लागतं. बाभूळ दोन्ही आहे. शेवटी वरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, चढवायची. ती चाकापेक्षा किंचित लहानच घडवतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवली की ती फुगते, मग सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट! निवताना धाव आवळते आणि सगळे सांधे करकचून एकमेकांत बसतात. मला विचाराल तर यापेक्षा सुंदर सुतारकाम नाही. इथं सुतार आणि लोहार मिळून एकच वस्तू घडवतात.

आणखी एक गंमत सांगतो. तोडलेली बाभूळ लगेच कामाला घेत नाहीत. खोड काही महिने ओढ्यात नाहीतर डबक्यात बुडवून ठेवायचं. किडीला जे खायला हवं असतं ते पाण्यात निघून जातं, मग लाकूड पोखरत नाही.

सालीचं तर वेगळंच काम. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेनं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून. त्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. डिंक तुम्हाला माहीतच आहे, बाळंतिणीच्या लाडवातला.

आता एक घोळ निस्तरतो. ओसाड रानात जिकडंतिकडं माजलेली वेडी बाभूळ ही नव्हे. ती अमेरिका खंडातून आलेली, एकोणिसाव्या शतकात. ओळखायचं कसं? वेडीचं फूल लांबट, तुऱ्यासारखं. आपल्या बाभळीचं फूल म्हणजे पिवळाधमक गोल गोंडा, आणि शेंग बघा, मण्यांची माळ ओवावी तशी! पावसाळ्यात फुललेल्या बाभळीखाली एकदा उभे राहा, मंद गोड वास येतो. विहिरीवर झुकलेल्या फांदीला सुगरणींचे खोपे लटकत असतील तर अर्धा तास तिथंच जाईल, सांगून ठेवतो. बाभुळगाव, बाभळेश्वर ही गावांची नावंही या झाडावरूनच पडली.

बांधावर लावायची तर रामकाठी जात बघा. तिच्या फांद्या खोडाला धरून सरळ वर जातात, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात तो वेगळाच.

बी कुठून आणायचं? शेळ्यांच्या वाड्यातून. उन्हाळ्यात गवत संपतं तेव्हा शेळ्या या शेंगा आवडीनं खातात. बी पोटातून जाऊन लेंडीसोबत पडतं, तोवर त्याचं कडक कवच मऊ झालेलं असतं, म्हणून ते चटकन रुजतं. मी यंदा असंच ओंजळभर बी वेचून आणलंय, हे बघा. पहिला पाऊस झाला की बांधावर टोकतो. कोंब आले की तुम्हाला दाखवतोच.