चावी फिरवल्यावर न लागलेला दिवा

चावी एक टप्पा फिरते. इंजिन अजून बंदच. या क्षणी डॅशबोर्डवर दोन लाल दिवे लागायला हवेत, एक ऑइलचा, एक चार्जिंगचा. या प्रीमियर पद्मिनीत लागलाय तो फक्त ऑइलचा. मालक खूश, एक लाल दिवा तरी कमी! मिस्त्रींच्या कपाळावर मात्र आठी.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये रस्ता सोडला, पण हौशी लोकांनी जपलेल्या अजून आहेत. हिला बिघाड सांगणारा कॉम्प्युटर स्कॅनर लावायची सोय नाही. टेस्ट लॅम्प, वायरचा तुकडा आणि डोकं, एवढीच हत्यारं.

आधी ऑइलचा दिवा. त्याला बारा व्होल्ट चावीकडून येतात आणि अर्थिंग मिळतं इंजिनवरच्या प्रेशर स्विचमधून. इंजिन सुरू झालं की ऑइलचा दाब स्विचमधला पडदा ढकलतो, पॉइंट सुटतात, दिवा विझतो. मिस्त्री स्विचची वायर काढतात, दिवा विझतो. इंजिनच्या धातूला टेकवतात, लागतो. म्हणजे बल्ब, वायर ठीक. वायर काढूनही तो जळत राहिला असता, तर समजायचं, ती कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय. चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर वायरी शोधत बसू नका. आधी इंजिन बंद, मग डिपस्टिकने ऑइलची पातळी बघा.

खरी गंमत चार्जिंगच्या दिव्यात आहे. या गाडीत मागे कुणीतरी वीज बनवणारा जुना डायनॅमो काढून त्याच कामाचा अल्टरनेटर बसवलाय. बल्बचं एक टोक चावीकडे, दुसरं अल्टरनेटरकडे. चार्जिंग सुरू झालं की दोन्हीकडे व्होल्टेज सारखं, म्हणून दिवा विझतो. पण सुरुवातीला रोटरमध्ये, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागात, चुंबकत्व जागवणारा करंट याच इवल्याशा बल्बमधून जातो. तो तुटला, तर अल्टरनेटर नुसताच गरगरत राहू शकतो.

मिस्त्री अल्टरनेटरकडची बारीक वायर काढून बॉडीला टेकवतात. दिवा नाही. डॅशबोर्डचं मीटर बाहेर ओढून बल्बचा होल्डर काढतात. बल्ब शाबूत, पण होल्डरच्या पत्रीवर हिरवट थर. पॉलिश पेपरचे चार हात, आणि दिवा लख्ख. वायर जागेवर, इंजिन सुरू, थोडी रेस. दिवा विझतो. बॅटरीवर मल्टिमीटर चौदा व्होल्ट दाखवतो, म्हणजे चार्जिंग सुरू.

"मिस्त्री, मग गेल्या महिन्यात नवी बॅटरी घेतली ती?"

"ती उगाच घेतलीत, साहेब."