गीतकार माइकसमोर : मेम्फिसचे डॉन ब्रायंट

(दृश्य : ‘प्रेशस सोल’ या जुन्या अल्बमचं मुखपृष्ठ)

निवेदन :
१९६९ साली मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्स कंपनीनं एका तरुण गायकाचा अल्बम बाजारात आणला. गायकाचं नाव डॉन ब्रायंट, वय पंचविशीच्या थोडं पुढे. आवाज खणखणीत. साथीला शहरातले उत्तम वादक. पण मागच्या बाजूची गाण्यांची यादी वाचायला घेतली की कपाळाला आठ्या पडतात. त्यातली बहुतेक सगळी गाणी दुसऱ्या गायकांनी आधीच गाजवलेली. म्हणजे लोकांच्या कानात मूळ आवाज पक्का बसलेला, आणि त्यावर या नवख्यानं मात करायची. विशेष म्हणजे हा मुलगा तोवर स्वतः गाणी लिहीत होता, आणि ती दुसऱ्यांनी गायलीही होती.

या अल्बमनंतर ब्रायंट यांचा पुढचा सोल अल्बम आला २०१७ साली. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

(दृश्य : मेम्फिस, मिसिसिपी नदी, बील स्ट्रीट)

निवेदन :
अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस. इथेच ४ एप्रिल १९४२ रोजी ब्रायंट यांचा जन्म झाला. घरात गाणं होतं ते चर्चचं. वडील भक्तिगीतं गाणाऱ्या एका गटात होते आणि मुलगा अगदी लहानपणापासून चर्चमध्ये गात होता. सोल संगीताचं हे माहेरच. आत्म्याला घातलेली ती चर्चमधली साद, तो टाहो, तशीच ठेवायची आणि शब्द मात्र माणसांच्या प्रेमाचे, मत्सराचे, ताटातुटीचे घालायचे, की झालं सोल. ऐकायला सोपं वाटतं. पण चर्चमधल्या कित्येक घरांना त्या काळी हे अजिबात पटत नसे.

ब्रायंट पोरवयातच एका गायकगटात शिरले आणि तिथून विली मिचेल यांच्या वाद्यवृंदापुढे उभे राहून गाऊ लागले. मिचेल ट्रम्पेट वाजवत. पुढे तेच हाय रेकॉर्ड्सचे निर्माते झाले आणि या गोष्टीतला जवळजवळ प्रत्येक दरवाजा त्यांच्याच हातून उघडला किंवा बंद झाला. १९६० साली ‘फाइव्ह रॉयल्स’ या नावाजलेल्या गटानं ब्रायंट यांचं ‘आय गॉट टू नो’ हे गाणं रेकॉर्ड केलं. लिहिणाऱ्याचं वय होतं जेमतेम अठरा. हे गाणं लक्षात ठेवा.

(दृश्य : रॉयल स्टुडिओची इमारत, आतला उतार)

निवेदन :
हाय रेकॉर्ड्सचा कारखाना म्हणजे रॉयल स्टुडिओ. मूळचं हे सिनेमाचं थिएटर. त्यामुळे जमीन पडद्याकडे उतरती होती, तशीच ठेवली गेली. आजही तिथे उभं राहिलं की एका टोकाचा वादक दुसऱ्या टोकाच्या वादकापेक्षा खाली दिसतो. इथल्या आवाजाच्या गोलाईचं श्रेय या उताराला देणारे बरेच आहेत. माझ्या मते अर्धं श्रेय तरी हॉजेस बंधूंना द्यायला हवं. टीनी गिटारवर, लिरॉय बासवर, चार्ल्स ऑर्गनवर, आणि सोबत ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स. ही मंडळी ठेका जरा मागे ओढून वाजवायची. घाई नाही, आदळआपट नाही. गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा.

ही जागा कुणाला मिळाली? अल ग्रीनला. १९६८ मध्ये टेक्सासच्या एका कार्यक्रमात मिचेल यांना हा पोरगा सापडला, आणि १९७२ साली त्याचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या कंपनीकडे असा गायक आहे, ती बाकीच्यांवर किती वेळ खर्च करणार? ब्रायंट यांच्या सिंगल रेकॉर्ड्स तोवर निघत होत्या, पण त्यांचं फार काही झालं नव्हतं. ते हळूहळू माइकपासून बाजूला झाले आणि वही-पियानोकडे वळले. कंपनीसाठी गाणी लिहिणारा माणूस, ही त्यांची नवी ओळख झाली.

(दृश्य : अ‍ॅन पीबल्स यांची सत्तरच्या दशकातली छायाचित्रं)

निवेदन :
त्याच सुमारास सेंट लुइसहून अ‍ॅन पीबल्स नावाची एक मुलगी मेम्फिसमध्ये आली होती. वडील पाद्री, घरात अकरा भावंडं, गाणं चर्चचंच. एका क्लबमध्ये तिनं गायलं, तिथल्या बँडप्रमुखानं तिला मिचेल यांच्याकडे नेलं आणि मिचेलनी तिच्यासाठी गाणी करायचं काम ब्रायंट यांच्यावर सोपवलं.

दुसऱ्याच्या गळ्यासाठी लिहिणं म्हणजे काय, ते इथे नीट दिसतं. अ‍ॅन चणीनं अगदी लहान, आवाज मात्र धारदार. १९७१ मध्ये ब्रायंट यांनी त्यांच्यासाठी गाणं लिहिलं ‘नाइंटी-नाइन पाउंड्स’. म्हणजे वजन फक्त ९९ पौंड, आपल्या हिशेबात ४५ किलो. एवढीशी बाई, पण तिच्यात काय काय भरलंय ते ऐका, असा सगळा तोरा. शिंपी जसा अंगावर माप घेऊन शिवतो, तसं हे गाणं आहे. दुसऱ्या कुणाला ते घट्ट तरी होईल नाहीतर ढगळ तरी. हे मी पूर्ण जबाबदारीनं म्हणत होतो, २०२० पर्यंत. त्याकडे येऊच.

(आवाज : पाऊस. मग टिंबाल्स या तालवाद्याचे सुटे ठोके)

निवेदन :
१९७३. एक संध्याकाळ. मित्रमंडळींबरोबर गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं ठरलं होतं आणि नेमका पाऊस धो धो कोसळायला लागला. अ‍ॅन वैतागून म्हणाल्या, हा पाऊस मला सहन होत नाही. एवढंच. ब्रायंट पियानोवर बसले. कार्यक्रमाला जायचं राहून गेलं. बर्नी मिलर हा रेडिओवर काम करणारा मित्रही बरोबर होता, आणि तिघांनी मिळून त्याच रात्री गाणं पुरं केलं. ‘आय कान्ट स्टँड द रेन.’

आपल्याकडे पावसाची वाट बघणारी गाणीच जास्त. हे गाणं पावसावर चिडलेलं आहे. आणि चिडण्याचं कारण घरातल्या वस्तूंमधून कळतं. बाई खिडकीच्या काचेशी बोलते : तुला आठवतं का गं, इथे आम्ही दोघं असायचो? मग उशीकडे वळते, जिथे त्याचं डोकं टेकलेलं असायचं. विरह, एकटेपण, असले जड शब्द लिहिणाऱ्यांनी दाराबाहेरच ठेवले. काच आणि उशी, एवढ्यावर गाणं उभं राहिलं.

त्यावर मिचेल यांनी साज चढवला. स्टुडिओत इलेक्ट्रिक टिंबाल्स नुकतेच आले होते. पत्र्यावर मोजून टाकल्यासारखे सुटे थेंब सुरुवातीला त्यावर वाजतात, आणि मग त्या थेंबांमधून बाकीचा वाद्यमेळ आत येतो. अमेरिकेच्या ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत गाणं सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. बीटल्सच्या जॉन लेननला ते इतकं भावलं की त्यानं जाहीरपणे त्याची वाहवा केली.

१९७४ मध्ये डॉन आणि अ‍ॅन यांचं लग्न झालं.

(दृश्य : रेकॉर्डवरच्या लेबलचा क्लोजअप, कंसातली तीन नावं)

निवेदन :
या लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरात तीन नावं आहेत. पीबल्स, ब्रायंट, मिलर. पुढची चाळीस वर्षं डॉन ब्रायंट जगाला दिसत राहिले ते बहुतेक करून एवढेच, कंसाएवढे. पण या कंसात पोट भरतं, हेही खरं. गायकाचा पैसा त्याच्या रेकॉर्डिंगपुरता. लिहिणाऱ्याचा हिस्सा मात्र ते गाणं कुणीही, कधीही गायलं तरी त्याच्याकडे येतो. आणि हे गाणं गायला रांग लागली. १९७८ मध्ये इरप्शन या गटानं त्याला डिस्कोत नाचवलं. १९८४ मध्ये टीना टर्नर यांनी ‘प्रायव्हेट डान्सर’मध्ये घेतलं, आणि तो अल्बम घरोघरी गेला. १९९७ मध्ये मिसी एलियटनं त्याचाच तुकडा घेऊन आपलं रॅप त्यावर बांधलं. तेव्हाच्या पोरांना हे थेंब मेम्फिसचे आहेत याचा पत्ताही नसेल.

आपल्याकडे निदान रेडिओवर गाणं लावताना गीतकाराचं नाव सांगायची चांगली रीत आहे. तिकडे नाव राहतं ते गाणाऱ्याचं.

दरम्यान १९७७ मध्ये हाय रेकॉर्ड्स विकली गेली. डिस्कोच्या लाटेत मेम्फिसच्या त्या संथ ठेक्याला गिऱ्हाईक उरलं नाही. ब्रायंट चर्चच्या गाण्याकडे परतले. भक्तिगीतांचे काही अल्बमही त्यांनी केले, ते त्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाहीत. अ‍ॅन यांचे दौरे असत, त्यात ते बरोबर असत. मग २०१२ साली अ‍ॅन पीबल्स यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं गाणं थांबलं.

(दृश्य : स्टुडिओत जमलेले वयस्क वादक)

निवेदन :
इथे स्कॉट बोमार हे नाव येतं. मेम्फिसचाच बासवादक आणि निर्माता, ब्रायंट यांच्यापेक्षा एका पिढीनं धाकटा, आणि ‘बो-कीज’ या बँडचा प्रमुख. या बँडचं वैशिष्ट्य असं की जुन्या मेम्फिसचे खरेखुरे वादक यात वाजवायचे. नक्कल करणारे नव्हेत, मूळ हात. ब्रायंट यांच्या अल्बमसाठी बोमारनं ड्रमवर बसवलं हॉवर्ड ग्राइम्सना आणि ऑर्गनवर चार्ल्स हॉजेसना. १९७३ च्या त्या रॉयल स्टुडिओतलीच माणसं, केस तेवढे पिकलेले.

मिसिसिपीच्या फॅट पॉसम कंपनीनं २०१७ च्या मे महिन्यात अल्बम काढला. ‘डोन्ट गिव्ह अप ऑन लव्ह’. ब्रायंट यांची पंचाहत्तरी नुकतीच झाली होती.

सुरुवातच बघा कशी केलीय. ‘अ निकेल अँड अ नेल’. हे त्यांचं गाणं नाही. ओ. व्ही. राइट या मेम्फिसच्याच गायकाचं, १९७१ चं, मिचेल यांच्या हातून घडलेलं. खिशात हात घालून खुळखुळायला आता उरलंय काय, तर एक नाणं आणि एक खिळा, असं सांगणारा कफल्लक माणूस. पंचवीस वर्षांचा गायक हे गातो तेव्हा आपण त्याच्या आवाजाची तारीफ करतो. पंचाहत्तरीचा गातो तेव्हा आपल्याला खिसा दिसतो. आवाजात मधेच खरखर येते, वरच्या सुरावर जाताना तो किंचित घासतो, पण सुटत नाही. इतकी वर्षं चर्चमध्ये गळा चालू होता, गंज चढायला सवड मिळाली नव्हती.

आणि मग येतं ‘आय गॉट टू नो’. हो, तेच, अठराव्या वर्षी लिहिलेलं. मला नक्की काय ते कळायलाच हवं, असा त्यातला हट्ट. अठरा वर्षांच्या मुलानं लिहिलं तेव्हा त्यात उतावीळपणा असणार. इथे तेच शब्द ब्रायंट इतक्या सावकाश, इतके दाबून म्हणतात की समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल. शब्द तेच, पण आता विचारणारा दारातून हलणार नाही.

१९६९ च्या अल्बमचं काय चुकलं होतं, ते हा अल्बम ऐकल्यावर स्पष्ट होतं. गाता तेव्हाही येत होतं. त्यांना गायला दिलेली गाणी त्यांची नव्हती.

(दृश्य : दुसऱ्या अल्बमचं मुखपृष्ठ)

निवेदन :
२०२० च्या जूनमध्ये पुढचा अल्बम आला, ‘यू मेक मी फील’. वेळ अशी की सगळं जग घरात कोंडलेलं, कार्यक्रम बंद. यात एक गाणं आहे ‘नाइंटी-नाइन पाउंड्स’. अ‍ॅनच्या मापाचं ते गाणं या वेळी शिवणाऱ्यानं स्वतःच गायलं. दुसऱ्याला बसणार नाही, असं मी मघाशी म्हणालो ते इथे खोटं पडतं. अ‍ॅन गायच्या तेव्हा त्यात स्वतःबद्दलचा नखरा होता. ब्रायंट गातात तेव्हा नवरा बायकोचं कौतुक करतोय, चारचौघांत, बिनधास्त. लग्नाला तेव्हा सेहेचाळीस वर्षं होत होती आणि अ‍ॅन यांनी गाणं सोडून आठ.

या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पारंपरिक ब्लूज या गटात. डॉन ब्रायंट यांचं हे पहिलंवहिलं नामांकन, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मार्च २०२१ मध्ये निकाल लागला आणि पुरस्कार गेला ब्लूज गायक बॉबी रश यांना. ते होते सत्त्याऐंशी वर्षांचे.